रीस्टार्टला लागतं, सकाळी लागत नाही: एका घरच्या ब्रॉडबँडचं प्रकरण

घर अमळनेर तालुक्यातल्या एका गावातलं, धाब्याचं, पुढची खोली पत्र्याची. राहणारी माणसं दोन, दोघंही पासष्टीच्या पुढची. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. पुढच्या खोलीत एक डेस्कटॉप आहे. सातबारा काढणं, कापसाचा भाव बघणं, नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरणं आणि रोज संध्याकाळी मुलाशी व्हिडिओ कॉल एवढं काम त्यावर चालतं. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना आप्पा म्हणतात, म्हणून इथेही आप्पाच.

मागणी साधी होती. बटण दाबलं, विंडोज उघडली, की नेट लागलेलं असावं. वापरनाव, पासवर्ड, ‘कनेक्ट’चं बटण यातलं काहीही आप्पांच्या वाट्याला येऊ नये. मुलाने तीन वेळा व्यवस्था बसवली. प्रत्येक वेळी त्याच्यासमोर ती चालली आणि तो पुण्याला परतला की दुसऱ्या सकाळी फोन ठरलेला: “कम्प्युटर चालू शे, पन नेट नही शे.”

जोडणी कशी होती

गावात फायबर स्थानिक केबलवाल्याकडून येतं. भिंतीवर ओएनटी आहे, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचे विजेचे संकेत करून नेटवर्क केबलीत देणारा डबा. हा डबा ब्रिज पद्धतीत लावलेला होता. अशा मांडणीत डबा स्वतः लॉगिन करत नाही, आलेलं पुढे ढकलतो, आणि वापरनाव-पासवर्ड देऊन सेवा सुरू करून घेण्याचं काम संगणकाला करावं लागतं. या लॉगिनच्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. १९९९ साली ती आरएफसी २५१६ म्हणून लिहिली गेली आणि आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्या आजही तिच्यावर चालतात.

डायल केल्यावर संगणक आधी केबलीवर हाक देतो, ‘कोणी सर्व्हर आहे का?’ सर्व्हरने उत्तर दिलं तर दोघांत सत्र ठरतं, मग वापरनाव-पासवर्ड तपासले जातात, मग आयपी पत्ता, म्हणजे संगणकाचा नेटवरचा पत्ता, मिळतो. हाकेला उत्तरच आलं नाही तर विंडोज ६५१ क्रमांकाची चूक दाखवते. उत्तर आलं पण आत घेतलं नाही तर ६९१. पुढचं सगळं प्रकरण या दोन आकड्यांभोवती फिरतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकू. ब्रिज पद्धतीत डायल होण्याआधी इथरनेटवर ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ दिसतं आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा असतो. हा बिघाड नाही, तिथे पत्ता वाटणारं कोणी नसतंच. पण तेवढं बघून नेटवर्क कार्ड बदलायला सांगणारे दुकानदार तालुक्याला कमी नाहीत.

आधीचे तीन उपाय आणि ते का पडले

पहिल्या वेळी मुलाने ब्रॉडबँड कनेक्शनचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकला. विंडोज उघडल्यावर खिडकी यायची, पण ‘डायल’ दाबावंच लागायचं. म्हणजे मागणी पुरी झालीच नाही.

दुसऱ्या वेळी त्याच फोल्डरमध्ये बॅच फाईल, म्हणजे आज्ञा लिहिलेली साधी फाईल आली, तिच्यात रासडायल ही आज्ञा. रासडायल विंडोजमध्ये मुळातच असते. कनेक्शनचं नाव, वापरनाव आणि पासवर्ड दिला की ती खिडकी न दाखवता डायल करते. (आज्ञा आणि नावं इथे देवनागरीत आहेत, टाईप करताना अर्थातच रोमन अक्षरं: आर-ए-एस-डी-आय-ए-एल, सलग.) तिची अडचण अशी की ती एकदाच प्रयत्न करते आणि जमलं नाही तर गप्प बसते. या संगणकात एसएसडी ही झटपट चालणारी डिस्क आहे, त्यामुळे बटण दाबल्यापासून पाऊण मिनिटाच्या आत डेस्कटॉप समोर येतो. ओएनटीला मात्र वीज आल्यापासून हिरवा दिवा स्थिर व्हायला जवळपास दोन मिनिटं लागत होती. लाईट जाऊन आली, आप्पांनी लगेच बटण दाबलं, तर रासडायलची हाक अशा डब्याकडे जायची जो अजून जागाच झालेला नाही. ६५१ येणार हे ठरलेलं.

तिसऱ्या वेळी मुलाने टास्क शेड्युलर वापरलं, म्हणजे ठरवलेलं काम आपोआप चालवणारी विंडोजमधली सोय. रासडायलचा टास्क, ट्रिगर ‘ॲट स्टार्टअप’, म्हणजे यंत्र सुरू होताना. दिशा बरोबर होती. त्याने चार-पाच वेळा रीस्टार्ट करून पाहिलं, दर वेळी नेट लागलं. दुसऱ्या सकाळी नाही लागलं.

यंत्राच्या नोंदी

कोण काय म्हणतं यापेक्षा यंत्राने काय लिहून ठेवलंय ते बघणं अशा वेळी बरं. इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन, आणि तिथे रासक्लायंट या नावाच्या नोंदी गाळून घ्यायच्या. डायल फसलं की २०२२७ क्रमांकाची नोंद पडते, कोणती चूक आली तो आकडाही तिच्यात असतो. लागलेलं कनेक्शन तुटलं की २०२२६.

गेल्या काही दिवसांच्या नोंदी आप्पांच्या आठवणींशी ताडून पाहिल्यावर दोन वेगळे प्रकार निघाले. लाईट जाऊन आली त्या दिवशी २०२२७ होती आणि तिच्यात ६५१. हे अपेक्षितच. पण रात्री नीट ‘शट डाउन’ करून सकाळी चालू केलेल्या दिवशी रासक्लायंटची एकही नोंद नव्हती. डायल फसलं नव्हतं. डायल करायला कोणी गेलंच नव्हतं.

याचं कारण टास्क मॅनेजरमध्ये डोळ्यांसमोर होतं. परफॉर्मन्स, सीपीयू, खाली ‘अप टाईम’. संगणक अर्ध्या तासापूर्वी चालू केलेला, आणि अप टाईम नऊ दिवसांचा. आप्पा रोज रात्री यंत्र बंद करत होते, विंडोजच्या हिशेबी मात्र ते नऊ दिवस बंद झालेलंच नव्हतं.

हे ‘फास्ट स्टार्टअप’चं काम. ते चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावर वापरकर्ता बाहेर पडतो, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. विंडोजच्या दृष्टीने ही नवी सुरुवात नसते, म्हणून ‘ॲट स्टार्टअप’चा ट्रिगर उडत नाही. ‘रीस्टार्ट’ केलं तर मात्र नेहमी पूर्ण, नवी सुरुवात होते. त्यामुळे मुलाची प्रत्येक चाचणी पास झाली आणि आप्पांची प्रत्येक सकाळ नापास. शिवाय रीस्टार्टच्या वेळी ओएनटी आधीपासून चालू असतो, त्यामुळे उशिरा जागणाऱ्या डब्याचा दोषही त्या चाचणीत झाकला जातो. रीस्टार्ट ही या कामासाठी सगळ्यात निरुपयोगी चाचणी आहे, आणि जवळजवळ सगळे तीच करतात.

काय बदललं

आधी फास्ट स्टार्टअप बंद केलं. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर टिचकी, मग खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढायची आणि सेव्ह. वरची ओळ दाबल्याशिवाय खालची खूण करड्या रंगात अडकून राहते. बरेच जण तिथूनच परत फिरतात. एसएसडी असेल तर सुरू व्हायला थोडेच सेकंद जास्त लागतात. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर फरक जाणवेल, पण रोजचं नेट त्यापेक्षा मोलाचं.

मग जुनं ब्रॉडबँड कनेक्शन काढून नवं बनवलं. नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, ‘सेट अप अ न्यू कनेक्शन’, ‘कनेक्ट टू द इंटरनेट’, ब्रॉडबँड पीपीपीओई. इथे दोन गोष्टी मुद्दाम केल्या. नाव एका शब्दाचं दिलं, ‘घरनेट’, कारण नावात मोकळी जागा असली की आज्ञेत ते अवतरणात घालावं लागतं आणि हमखास कुठेतरी राहून जातं. आणि ‘अलाउ अदर पीपल टू यूज धिस कनेक्शन’वर खूण केली. ती नसेल तर कनेक्शन त्या एका वापरकर्त्याच्या खासगी फोनबुकात, म्हणजे कनेक्शनांच्या यादीत, जाऊन बसतं. टास्क सिस्टिम या विंडोजच्या स्वतःच्या खात्याखाली चालवला की त्याला ते सापडत नाही आणि चूक येते ६२३, म्हणजे फोनबुकात अशी नोंदच नाही. खूण केली की नोंद सगळ्यांसाठीच्या फोनबुकात जाते. ती फाईल सी ड्राईव्हवर प्रोग्रामडेटाच्या आत, मायक्रोसॉफ्ट, नेटवर्क, कनेक्शन्स, पीबीके या फोल्डरात असते, नाव रासफोन डॉट पीबीके.

कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑप्शन्सखाली ‘आयडल टाईम बिफोर हँगिंग अप’ हे ‘नेव्हर’ आहे ना, एवढंही पाहून घेतलं. नाहीतर माय चहा घेऊन येईपर्यंत नेट सुटलेलं.

आता टास्क. जुना काढून टाकला, बेसिक टास्कचा रस्ता सोडून ‘क्रिएट टास्क’ने नवा बनवला. जनरलमध्ये ‘चेंज युजर ऑर ग्रुप’ दाबून खातं ‘सिस्टिम’ दिलं आणि ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर खूण केली. सिस्टिम खात्याचे फायदे तीन. कोणी लॉगिन करायच्या आधीच डायल होतं. साईन आउट केल्यावर नेट तुटत नाही. वापरकर्त्याने स्वतः जोडलेलं असेल तर ते त्याच्याबरोबर जातं. आणि काळी खिडकी पडद्यावर चमकत नाही. आप्पांच्या खात्याखाली चालवलं असतं तर ती दर दोन मिनिटांनी चमकली असती, आणि व्हायरस शिरला म्हणून फोन आला असता.

ॲक्शनमध्ये ‘स्टार्ट अ प्रोग्राम’, प्रोग्राम म्हणून विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरातली रासडायल डॉट ईएक्सई, आणि ‘ॲड आर्ग्युमेंट्स’च्या रकान्यात घरनेट, वापरनाव, पासवर्ड, प्रत्येकामध्ये एक जागा सोडून. बॅच फाईल वापरली नाही. बॅच फाईलमध्ये पासवर्डात टक्क्याचं चिन्ह असेल तर ते दोनदा लिहावं लागतं, अँडचं चिन्ह असेल तर ओळच तुटते, आणि थांबण्यासाठी टाईमआउट ही आज्ञा घातली तर पडद्यामागे चालणाऱ्या टास्कमध्ये ती थांबायचं सोडून चूक देऊन पुढे निघते. (बॅचच हवी असेल तर तिथे १२७.०.०.१ ला एकवीस वेळा पिंग करतात, साधारण वीस सेकंद जातात.) रासडायल थेट चालवण्याचा आणखी एक फायदा असा की तिचा निकाल टास्कच्या ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये जसाच्या तसा दिसतो. तो सोळाच्या अंकपद्धतीत असतो. ०एक्स० म्हणजे लागलं. ०एक्स२८बी म्हणजे ६५१, ०एक्स२बी३ म्हणजे ६९१, ०एक्स२६एफ म्हणजे ६२३. हे चार टिपून संगणकाच्या बाजूला चिकटवले तर पुण्याहून फोनवर निदान होतं.

कळीचा भाग ट्रिगरचा. ‘ॲट स्टार्टअप’ ठेवला, ‘डिले टास्क फॉर’ ३० सेकंद, आणि ‘रिपीट टास्क एव्हरी’ला दोन मिनिटं, कालावधी ‘इनडेफिनिटली’. यादीत सगळ्यात कमी पाच मिनिटं दिसतात, पण रकान्यात हाताने ‘२ मिनिट्स’ लिहिलेलं चालतं. हे पुन्हा पुन्हा चालणं हाच खरा इलाज. पहिला प्रयत्न डबा जागा व्हायच्या आत गेला तर दुसरा दोन मिनिटांनी जातोच. नेट आधीच लागलेलं असेल तर रासडायल ‘आधीच जोडलेलं आहे’ म्हणून निमूट परतते, चालू जोडणीला धक्का लागत नाही. आणि दुपारी मधेच तुटलं तरी फार तर दोन मिनिटांत परत लागतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. अंतर दहा-वीस सेकंदांवर आणायचा मोह होतो, तो टाळलेला बरा. काही ठिकाणी लागोपाठ फसलेल्या प्रयत्नांवर खातं थोडा वेळ अडवतात.

कंडिशन्समध्ये दोन खुणा तपासायच्या. ‘स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कम्प्युटर इज ऑन एसी पॉवर’ काढून टाकायची. लॅपटॉपला, आणि यूएसबीने जोडलेल्या यूपीएसवरच्या डेस्कटॉपलाही, ती नडते. दुसरी ‘स्टार्ट ओन्ली इफ द फॉलोइंग नेटवर्क कनेक्शन इज अव्हेलेबल’. वाचताना ती शहाणपणाची वाटते आणि लोक हौसेने लावतात. पण नेट असेल तरच टास्क चालणार आणि टास्क चालला तरच नेट येणार, असा तो पेच आहे. ती रिकामीच ठेवायची.

टास्क बसल्यावर आप्पांना एकच सूचना दिली: हाताने डायल करायचं नाही. टास्क आणि माणूस एकाच वेळी तेच दार उघडायला गेले की ६३३ किंवा ८१३ असल्या चुका निघतात आणि नसता गोंधळ होतो.

चाचणी रीस्टार्टने घेतली नाही. एकदा नीट शट डाउन करून पाच मिनिटं थांबून बटण दाबलं. एकदा भिंतीवरचा मेन खाली ओढून, ओएनटीसकट सगळं अंधारात नेऊन, वर करताक्षणी बटण दाबलं. पहिल्यात डेस्कटॉप येऊन पुरता बसेपर्यंत नेट होतं. दुसऱ्यात पहिला प्रयत्न ०एक्स२८बीने पडला, दुसऱ्याला लागलं.

डब्याची जागा आणि वीज

खरं तर डबा बंदच पडला नाही तर निम्मा प्रश्न उरत नाही. घरात पंख्या-दिव्यांसाठी इन्व्हर्टर होता, ओएनटी मात्र साध्या बोर्डावर. तो इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेतला. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. यूपीएसवर ठेवला तर वीज जाताना होणारी अदलाबदल इतकी झटपट होते की डबा सहसा पुन्हा सुरू होत नाही. पण त्या स्थितीत इन्व्हर्टर व्होल्टेजबाबत जास्त चोखंदळ असतो. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की तो वीज असूनही बॅटरीवर जातो. ज्या घरात ही अडचण आहे तिथे खटका नॉर्मलवर ठेवून ओएनटीला स्वतःचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस द्यावा. घेताना डब्याच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत, पिनेची ध्रुवता जुळते का पाहावं. पिन बसली म्हणजे जुळली असं नाही.

दुसरं, डबा पत्र्याच्या अगदी खाली, तुळईला टांगलेला होता. मे महिन्यात खान्देशात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याखालची हवा काय असते हे सांगायला नको. दुपारी दोन-अडीचच्या सुमाराच्या २०२२६ नोंदी बहुधा तिथल्याच. डबा धाब्याच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, मोकळ्या हवेत आणला. फायबरची पिवळी दोरी लांबवताना ती खिळ्यावर काटकोनात मोडायची नाही. वाकवायचीच असेल तर ऐसपैस गोल वळण द्यायचं, नाहीतर प्रकाश गळतो आणि मग विंडोजमध्ये कितीही टास्क बसवा.

दिव्यांची भाषा आप्पांना पाच मिनिटांत समजली. ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच येत नाहीये. तार तुटली असेल किंवा केबलवाल्याच्या टोकाला वीज नसेल. संगणकाला हात लावायचा नाही, फोन करायचा. ‘पॉन’चा हिरवा लुकलुकत असेल तर थांबायचं. हिरवा स्थिर असून पाच मिनिटांत नेट नाही, तेव्हाच संगणकाकडे वळायचं. आता फोनवर मुलाचा पहिला प्रश्न असतो, “आप्पा, डबावर लाल लाईट शे का?”

स्थिर हिरवा आणि तरी ६५१, असं एकदा झालंच. दिवाळीच्या आवराआवरीत डबा पुसताना केबल पहिल्या लॅन पोर्टातून निघून तिसऱ्यात गेली होती. ब्रिजची मांडणी बहुतेक डब्यांत एकाच पोर्टाला बांधलेली असते. दुसऱ्या पोर्टातही दिवा लागतो, संगणकही केबल जोडलेली दाखवतो, पण हाक पुढे जात नाही. चालू पोर्टावर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला.

६९१: पासवर्ड बरोबर असताना

अचानक वीज गेली की संगणक सर्व्हरचा निरोप न घेताच मरतो. सर्व्हरच्या वहीत जुनं सत्र चालूच राहतं. तो मधून मधून ‘आहेस का?’ विचारतो, काही वेळा उत्तर आलं नाही की सत्र मिटवतो. तेवढ्या अवधीत संगणक परत उठून डायल करायला गेला, आणि एका खात्यावर एकच सत्र अशी मर्यादा असली, तर सर्व्हर नकार देतो. विंडोज तो नकार ६९१ म्हणून दाखवते आणि खाली लिहिते की वापरनाव किंवा पासवर्ड ओळखला गेला नाही. वाचणारा साहजिकच पासवर्ड पुन्हा टाकतो, मग बदलतो, मग विसरतो.

हातातला टास्क दर दोन मिनिटांनी प्रयत्न करतो, त्यामुळे हा प्रकार आपोआप निवळतो. पंधरा-वीस मिनिटांनंतरही ६९१ च येत असेल तर प्लॅन संपलाय का ते बघावं, नसेल तर केबलवाल्याला अडकलेलं सत्र सोडवायला सांगावं. ‘सेशन क्लिअर करा’ एवढे शब्द पुरतात. ओएनटी बदलल्यावर किंवा दुसरं यंत्र लावल्यावर ६९१ आला तर खातं जुन्या यंत्राच्या मॅक पत्त्याला, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं असू शकतं, तेही त्यांच्याच बाजूने सुटतं.

नेट लागलं, तरी पानं उघडेनात

हे पावसाळ्यात झालं, आणि आप्पांच्या लेखी ‘नेट नही शे’ तेच. टास्कमध्ये ०एक्स०, पिंग जातंय, ब्राउझर मात्र प्रत्येक पानावर सुरक्षिततेचा इशारा देतोय. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख होती कित्येक वर्षांपूर्वीची. मदरबोर्डावरची घड्याळाची बॅटरी संपली होती. वीज पूर्ण गेली की घड्याळ मागे जायचं, आणि तारीख चुकली की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं ब्राउझरला खोटी वाटतात.

नेट लागल्यावर विंडोज स्वतः वेळ दुरुस्त करेल असं वाटतं. पण घरगुती संगणकात फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असला तर तिची वेळ-सेवा दुरुस्ती नाकारते. म्हणून काही वर्षांनी मागे गेलेलं घड्याळ आपसूक ताळ्यावर येत नाही. इलाज नवी बॅटरी: सीआर२०३२, तीन व्होल्टची चपटी, घड्याळजींकडेही मिळते. संगणकाची पिन काढून, जुनीची वरची बाजू कोणती ते पाहून बदलायची, मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या मांडणीत, तारीख लावायची.

बायोसमध्ये गेल्यावर ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ दिसतं. ते ‘पॉवर ऑन’ केलं तर वीज येताच संगणक आपोआप सुरू होतो. मुलाला ते करायचं होतं. केलं नाही. गावात वीज परतताना दोन-तीनदा झपके देते, आणि प्रत्येक झपक्याला संगणकाने अर्धवट उठून पडणं डिस्कला आणि पॉवर सप्लायला चांगलं नाही. बटण आप्पाच दाबतील.

राउटर का नाही

हा प्रश्न जाणता माणूस सगळ्यात आधी विचारेल, आणि त्याचं बरोबर आहे. डायल करण्याचं काम राउटरचं. दहातल्या नऊ घरांत ओएनटी राउट पद्धतीत लावून घ्यावा किंवा पाठीमागे छोटा राउटर बसवावा. पीपीपीओईचं वापरनाव-पासवर्ड त्यात एकदा भरायचं, जोडणी ‘ऑलवेज ऑन’ ठेवायची. संगणकाला मग काहीच करावं लागत नाही. या घरात ओएनटीच्या मांडणीचा पासवर्ड केबलवाल्याने दिला नाही, आणि एकाच यंत्रासाठी वेगळा राउटर घ्यायला आप्पा तयार नव्हते. मोबाईलला स्वतःचं नेट आहे, मग अजून एक डबा कशाला, हा त्यांचा सवाल होता.

पण ब्रिज पद्धतीत संगणक थेट बाहेरच्या जाळ्यावर उभा असतो, मधे राउटरची भिंत नसते. आता तर लॉगिनच्या आधीपासूनच. म्हणून कनेक्शनचं प्रोफाईल ‘पब्लिक’ ठेवलं, फाईल शेअरिंग आणि रिमोट डेस्कटॉप बंद केलं, फायरवॉल चालू आहे याची खात्री केली. यंत्र विंडोज १० वर आहे. तिचा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्याने त्या यंत्रावर विंडोज ११ रीतसर बसत नाही. एवढं एक कारण राउटरसाठी पुरेसं आहे असं आमचं मत. आप्पांना ते सांगितलंय. कापूस विकला गेल्यावर बघू, असं उत्तर आहे.

राउटर येईल तेव्हा तीन कामं एकाच बैठकीत करायची. राउटरच्या वॅनमध्ये, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या मांडणीत, एमटीयू (एका खेपेत जाणारे जास्तीत जास्त बाइट) १४९२ आहे का बघायचं. इथरनेटच्या १५०० बाइटांतून पीपीपीओईचे ८ वजा जातात, आणि हा आकडा चुकला की काही संकेतस्थळं उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात. केबलवाला व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेवरच्या वेगळ्या जाळ्याचा क्रमांक) वापरत असेल तर तो विचारून घ्यायचा. आणि संगणकावरचा टास्क ‘डिसेबल’ करायचा, घरनेट काढून टाकायचं. राउटर संगणकाची हाक पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे टास्क तसाच राहिला तर नेट व्यवस्थित चालू असतानाही दर दोन मिनिटांनी ६५१ ची नोंद पडत राहील, आणि पुढे कधी खरा बिघाड शोधायची वेळ आली तर नोंदींच्या त्या ढिगात तो सापडायचा नाही.